केसाहून पातळ काप

दिल्लीतील एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात सकाळच्या वेळी एक दृश्य हमखास दिसते. कोणीतरी नातेवाईक झाकण घट्ट लावलेली लहानशी प्लॅस्टिकची बाटली हातात धरून प्रयोगशाळेची खिडकी शोधत फिरत असतो. बाटलीवर चिकटवलेल्या पट्टीवर नाव, वय आणि क्रमांक लिहिलेला असतो. आत पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात वाटाण्याएवढा पांढुरका तुकडा बुडालेला असतो. तो तुकडा त्याच्या आईच्या, पत्नीच्या किंवा भावाच्या शरीरातून काढलेला असतो. गाठ साधी आहे की कर्करोगाची, याचे उत्तर या तुकड्यात आहे, एवढेच त्याला सांगितलेले असते. गर्दीत धक्का लागू नये म्हणून तो बाटलीभोवती दुसऱ्या हाताचा आडोसा करतो. काशीहून गंगाजळ आणणारा यात्रेकरूही आपला गडू याहून अधिक जपत नसेल.

खिडकीतून बाटली आत जाते आणि अहवालासाठी काही दिवसांनी या, असे सांगण्यात येते. हे दिवस कशात जातात, याची कल्पना बाहेर थांबणाऱ्याला नसते. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहतात आणि रोग ओळखतात, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नाही. मात्र पाहण्याचे काम पुष्कळदा काही मिनिटांचे असते. तुकडा पाहण्याजोगा करण्याचे काम त्याहून कितीतरी मोठे, नाजूक आणि साधनांवर अवलंबून असणारे असते. ही साधने कशी असावीत, ती कोणाला परवडावीत आणि कोणाच्या हातात सहज बसावीत, हा प्रश्न वरवर पाहता कारखानदारांचा वाटतो. पण बाटली धरून उभ्या असलेल्या माणसाचे दिवस त्यावरच अवलंबून असतात.

एकसारख्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. ऊतीतील पेशी पाहायच्या, तर प्रकाश तिच्यातून आरपार जायला हवा आणि पेशींचे थर एकावर एक येता कामा नयेत. यासाठी ऊतीचा काप तीन ते पाच मायक्रॉन एवढाच जाड असावा लागतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे चौदा-पंधरा काप सहज मावतील. ताजे मांस इतके पातळ कापता येत नाही. सुरीचा दाब पडताच ते चेपते, सरकते आणि फाटते. म्हणून कापण्यापूर्वी ऊतीला आधार द्यावा लागतो. तो आधार मेणाचा असतो. हे मेण मधमाशांचे नसून खनिज तेलापासून मिळणारे, म्हणजे पॅराफिन असते.

पाणी आणि मेण यांचे जमत नाही, आणि ऊतीत तर पाणीच पाणी असते. त्यामुळे मेण आत शिरवण्याची वाट वळणावळणाची आहे. शरीराबाहेर पडलेला तुकडा लगेच नासू लागतो, म्हणून तो प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. जर्मन वैद्य फर्डिनांड ब्लुम यांनी १८९३ मध्ये या द्रवाचा हा गुण दाखवून दिला आणि आजही त्याला सर्वमान्य पर्याय मिळालेला नाही. फॉर्मॅलिन ऊतीत अगदी सावकाश, तासाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने शिरते. म्हणून तुकडे फार जाड ठेवून चालत नाही. त्यानंतर सौम्य ते तीव्र अशा चढत्या क्रमाने अल्कोहोलमध्ये बुडवून ऊतीतील पाणी काढून घेतात. अल्कोहोलची जागा मग झायलीन घेते आणि झायलीनची जागा वितळलेले मेण. ही सारी साखळी पुरी होण्यास बहुधा एक रात्र लागते. दुसऱ्या दिवशी तो तुकडा मेणात बसवून त्याची वडी पाडतात, वडीचे काप काढतात, काप कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर घेतात, आणि रंगवतात. जांभळा-निळा रंग हिमॅटॉक्सिलीनचा. तो मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळतो व पेशींच्या केंद्रकांना चढतो. गुलाबी रंग इओसीनचा. तो उरलेल्या भागाला चढतो. ही काचपट्टी तयार झाली, की मग डॉक्टरांची पाळी.

या साखळीतील सर्वांत अवघड कडी म्हणजे काप. सुरुवातीच्या काळात अभ्यासक ऊतीचा तुकडा झाडाच्या भेंडात किंवा गाजरात खोचून वस्तऱ्याने हातानेच कापत असत. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी देठांचे आणि मुळांचे काप आजही याच रीतीने काढतात. हात तरबेज असेल तर काप बरा येतो. पण एकासारखा दुसरा येईल, याची खात्री नसते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८६६ मध्ये ऊती ठरावीक अंतराने पुढे सरकवून कापणारे यंत्र तयार केले. अशा यंत्राला मायक्रोटोम म्हणतात. मराठीत त्याला सूक्ष्मछेदक असे नाव आहे. पुढे १८६९ मध्ये एडविन क्लेब्स यांनी ऊती मेणात बसवण्याची युक्ती वापरली. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि आजच्या प्रयोगशाळेचा पाया घातला गेला.

मायक्रोटोमच्या इतिहासातील एक यंत्र मात्र अधिक वेळ थांबून पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये होरेस डार्विन यांनी ते बनवले. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांचे हे चिरंजीव. वडिलांनी सजीवसृष्टीचे कोडे उलगडले. मुलाचा जीव लोखंडात, स्क्रूत आणि तरफांत रमला. त्या काळी काप काढणारी स्वयंचलित यंत्रे होती, पण ती बोजड आणि महाग होती. होरेस डार्विन यांनी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला असावा, असे त्यांचे यंत्र पाहून वाटते: या सगळ्या यंत्रात बिनचूकपणा नेमका कोठे लागतो? कापाची जाडी ठरवणाऱ्या एका स्क्रूपाशी लागतो. बाकी सारे भाग केवळ हलायचे असतात, आणि ते पुन्हा त्याच जागी यावेत, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते.

म्हणून त्यांनी ऊती एका दांड्याच्या टोकाला बसवली आणि तो दांडा सीसॉसारखा झुलता ठेवला. मूठ ओढली की दोरी दांड्याला मागे खेचते आणि मूठ सोडली की स्प्रिंग त्याला सुरीवरून परत नेते. प्रत्येक झोक्याबरोबर दातेरी चाक थोडेसे फिरते, चाकाबरोबर स्क्रू फिरतो आणि तरफेमुळे ती हालचाल आणखी सूक्ष्म होऊन ऊतीपर्यंत पोचते. यंत्राला नाजूकपणे सरकणाऱ्या, तेलपाणी मागणाऱ्या पट्ट्या जवळजवळ नव्हत्याच. ओतीव लोखंड, दोरी, स्प्रिंग आणि एक उत्तम स्क्रू. काप किंचित वक्र येई, हा त्यातील दोष. पण बहुतेक कामांना त्याने बाधा येत नसे. केंब्रिजचे हे झुलते यंत्र जगभर गेले. भारतातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतही ते पोचले आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्याची मूठ ओढली.

स्वस्ताई दोन प्रकारची असते. एकीत प्रत्येक भाग थोडाथोडा हलका करतात आणि शेवटी कोणताच भाग धड राहत नाही. दुसरीत जो भाग बिनचूक हवा त्यावर खर्च करतात आणि इतर भाग साधे, दणकट ठेवतात. बाजारात पहिल्या प्रकारच्या वस्तू अधिक मिळतात, कारण त्या बनवायला विचार लागत नाही. होरेस डार्विन यांचे यंत्र दुसऱ्या प्रकारचे होते.

याच जातीचे, पण याहूनही साधे असे एक साधन आहे. त्याला मोठे नावदेखील नाही. इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचे पितळेचे दोन जाड तुकडे, एवढेच ते साधन. जर्मनीतील लाइपझिगचे प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉइकार्ट यांचे नाव त्याला जोडले जाते. धातूच्या किंवा काचेच्या पट्टीवर हे दोन तुकडे एकमेकांसमोर ठेवले, की मधे चौकोनी कप्पा तयार होतो. तुकडे सरकवले की कप्पा हवा तेवढा लहान-मोठा होतो. त्यात वितळलेले मेण ओततात, गरम चिमट्याने ऊती योग्य बाजू खाली करून बसवतात आणि मेण थिजू देतात. मग तुकडे बाजूला केले की वडी तयार. बर्फीचा साचा वापरणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे साधन समजावून सांगावे लागणार नाही. ते गंजत नाही, मोडत नाही, त्याला वीज लागत नाही. प्लॅस्टिकच्या तयार कुप्या आता सर्वत्र आल्या आहेत. त्यांच्यामुळे काम जलद होते, हेही खरे. तरीही अनेक लहान प्रयोगशाळांच्या खणांत ही पितळेची जोडी अजून असते. कुप्यांचा साठा संपतो, तेव्हा तीच कामाला येते.

भारतात हे शास्त्र रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळा उभारण्याचे काम त्यांनी केले आणि विकृतिशास्त्रज्ञांची एक पिढी घडवली. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली. तिच्यासमोरच रस्त्यापलीकडे सफदरजंग रुग्णालयाच्या आवारात १९६५ मध्ये विकृतिशास्त्राची राष्ट्रीय नोंदवही ठेवणारी संस्था सुरू झाली; पुढे तिचे संशोधनसंस्थेत रूपांतर झाले. या मोठ्या संस्थांना परदेशी यंत्रे मिळत गेली. लहान रुग्णालयांना व महाविद्यालयांना मात्र देशात बनलेल्या यंत्रांवर भिस्त ठेवावी लागली. ही यंत्रे मुख्यतः दिल्लीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या अंबाल्यातून येत. दिल्लीच्या आसपासच्या औद्योगिक वसाहतींतूनही काही येत. अंबाला हे वैज्ञानिक उपकरणांचे गाव. शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकावर तेथील शिक्का बहुतेकांनी पाहिलेला असतो. जुन्या ‘स्पेन्सर ८२०’ या अमेरिकन यंत्राच्या धर्तीवर बनवलेले हाताच्या चाकाचे मायक्रोटोम आजही भारतात ‘स्पेन्सर प्रकार’ या नावाने विकले जातात. परदेशी नव्या यंत्राच्या किमतीच्या अंशातच ते मिळतात. त्यांच्याशिवाय देशातील असंख्य प्रयोगशाळा उघडल्याच नसत्या, हे त्या कारागिरांचे ऋण आहे.

पण नक्कल आणि रचना यांत फरक असतो. नक्कल करणारा यंत्राचे भाग मोजतो; ते यंत्र ज्या खोलीत वापरले जाणार आहे, ती खोली तो मोजत नाही. मूळ यंत्र थंड देशातील खोलीसाठी बनलेले असते. दिल्लीत मे-जून महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. पॅराफिन छप्पन-अठ्ठावन्न अंशांना वितळते, पण त्याच्या बऱ्याच आधी ते मऊ पडते. मऊ वडीचा काप सुरीखाली चुरगळतो. जानेवारीतील थंडीत उलट होते. मेण कडक होते, काप तडकतो किंवा गुंडाळला जातो. हवा कोरडी असली की स्थिर विजेमुळे कापांची फीत सुरीलाच चिकटते. या साऱ्यावर दिल्ली, गाझियाबाद, फरिदाबाद येथील तंत्रज्ञांनी शोधलेला उपाय म्हणजे फ्रीजमधील बर्फाचा ट्रे. वडी काही मिनिटे बर्फावर पालथी ठेवायची, पुसायची आणि लगेच कापायची. इतर ठिकाणचे तंत्रज्ञही हेच करतात. मग यंत्रालाच वडी थंड ठेवणारा एक कप्पा का नसावा, हा प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांना सहसा पडत नाही, कारण वडी कापायला ते स्वतः बसत नाहीत.

विजेचे असेच आहे. ऊतीला एका बरणीतून दुसऱ्या बरणीत रात्रभर हलवणारे यंत्र असते. जुन्या प्रकारात बारा बरण्या वर्तुळाकार मांडलेल्या असतात. घड्याळाबरोबर फिरणाऱ्या चकतीवरील खाच आली की टोपली उचलली जाते आणि पुढच्या बरणीत उतरते. टोपली दोन बरण्यांच्या मधे लोंबकळत असताना वीज गेली, तर आतले सारे तुकडे वाळून जाऊ शकतात. वाळलेली ऊती पुन्हा पूर्ववत होत नाही; रुग्णाच्या शरीरातून तुकडा पुन्हा काढण्याची वेळ येऊ शकते, आणि कधी तो काढता येण्याजोगाच नसतो. म्हणून बॅटरीचा आधार ही अशा यंत्राच्या बाबतीत चैन ठरत नाही. खाचांच्या चकतीचा एक गुण मात्र नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत हरवला. चकती अडली की ती अडलेली डोळ्यांना दिसते. गावातला घड्याळजीसुद्धा ती दुरुस्त करू शकतो. इलेक्ट्रॉनिक पाटी बिघडली की कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते, आणि तोपर्यंत यंत्रावर कापड पांघरलेले राहते. सरकारी कार्यालयांच्या कोपऱ्यांत अशी पांघरलेली यंत्रे पुष्कळ आढळतात. त्यांची खरेदीची किंमत कागदावर असते. न वापरल्या गेलेल्या दिवसांची किंमत कोणी लिहीत नाही.

परवडणे म्हणजे केवळ खरेदी परवडणे नव्हे, हे पात्यांवरूनही कळते. पूर्वी मायक्रोटोमची सुरी जाड पोलादाची असे. ती दगडावर परजून चामड्याच्या पट्ट्यावर घासावी लागे आणि हे कसब साध्य होण्यास दीर्घ काळ लागे. आता वापरून टाकून देण्याची पातळ पाती आली आहेत. ती धारदार आहेत, वेळ वाचवतात. मात्र ती सतत विकत घ्यावी लागतात. लहान प्रयोगशाळेत एकच पाते जरा सरकवून, नंतर आणखी सरकवून, त्याच्या संपूर्ण लांबीचा उपयोग करून घेतला जातो. पाते सहज सरकावे, बोटाला न लागता निघावे आणि काम थांबल्यावर चाक आपोआप अडकून राहावे, या गोष्टी यंत्रात घालायला फारसा खर्च येत नाही. मात्र त्या घातल्या नाहीत, तर तंत्रज्ञाचे बोट कापले जाते. तेच चाक दिवसभर फिरवून मनगट आणि खांदा दुखतो. टेबलाची उंची व चाकाची जागा बहुधा उंच पुरुषाच्या मापाने ठरलेली असते, आणि त्या चाकापुढे बसणाऱ्यांत स्त्रियांची संख्याही मोठी असते.

भारतातील संशोधकांनी महाग आणि घातक रसायनांनाही पर्याय शोधले आहेत. गेल्या दीड दशकात दंतवैद्यक महाविद्यालयांतील विकृतिशास्त्रज्ञांनी फॉर्मॅलिनऐवजी गुळाचे पाणी व मध वापरून पाहिला. झायलीनऐवजी खोबरेल तेल, तर काप रंगवताना भांडी घासण्याच्या साबणाचे सौम्य पाणी वापरून पाहिले. यांतील काही प्रयोगांचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे निघाले. भारतीय घरात मुरांबा आणि लोणची टिकवण्याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते कोणाला तरी प्रयोगशाळेत आठवावे, यात नवल नाही. तरीही हे प्रयोग मर्यादित नमुन्यांवरचे आहेत आणि रोजच्या निदानात फॉर्मॅलिनची जागा त्यांनी घेतलेली नाही. येथे घाई नको. ज्या कापावरून एखाद्याचा स्तन काढायचा की ठेवायचा हे ठरते, त्या कापात काटकसर करताना हात थरथरलाच पाहिजे.

पण हे पर्याय शोधण्याची गरज खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मॅलिनमधील फॉर्माल्डिहाइडची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. कर्करोग ओळखण्यासाठी ज्या द्रवाशिवाय चालत नाही, तोच द्रव रोज हुंगणाऱ्याला अपाय करू शकतो. मोठ्या संस्थांत वाफा ओढून घेणारे बंदिस्त टेबल असते. लहान जागी खिडकी आणि साधा पंखा असतो, आणि पंखा पुष्कळदा हवा बाहेर टाकण्याऐवजी तोंडावरच फेकतो. वाफा ओढून घेणारे, थोड्या जागेत मावणारे स्वस्त टेबल बनवणे हे मायक्रोटोम बनवण्याइतके प्रतिष्ठेचे काम मानले जात नाही. ते मानले जायला हवे.

दिल्लीच्या परिसरात अशा साधनांचा विचार होतच नाही, असे नाही. नोएडा येथे कर्करोग प्रतिबंधासाठी काम करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर ओळखता यावा, म्हणून तेथे ‘मॅग्निव्हिज्युअलायझर’ हे हातात धरण्याजोगे साधन विकसित झाले. भिंग, प्रकाश आणि वीज नसेल तेथे बॅटरी, असा त्याचा थाट आहे. सौम्य अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचाच एक प्रकार, लावून संशयास्पद जागा पाहता येते आणि तपासणीसाठी तुकडा नेमका कोठून घ्यायचा हे कळते. या कामासाठी रुग्णालयात वापरले जाणारे नेहमीचे यंत्र फार महाग असते. आयुर्विज्ञान संस्था आणि दिल्लीची भारतीय प्रौद्योगिकी संस्था यांनी २००७-०८ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाबरोबर एक शिक्षणक्रम सुरू केला. डॉक्टर, अभियंते व रचनाकार यांनी एकत्र येऊन आधी रुग्णालयात दिवसच्या दिवस नुसते पाहत राहायचे, गरजांची यादी करायची आणि मगच साधनाचा विचार करायचा, ही त्याची पद्धत होती. ‘आधी पाहा’ हा धडा शिकवायला विद्यापीठे लागावीत, हे जरा गमतीचे आहे. पण तो शिकवला गेला हे चांगलेच झाले.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील मेरठमध्ये जन्मलेले मनु प्रकाश हे नाव या संदर्भात टाळता येणार नाही. स्टॅनफर्ड येथे काम करताना त्यांनी व सहकाऱ्यांनी कागद दुमडून तयार होणारा ‘फोल्डस्कोप’ हा सूक्ष्मदर्शक बनवला आणि २०१४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या सुट्या भागांची किंमत एका डॉलरहूनही कमी होती. पुढे २०१७ मध्ये ‘पेपरफ्यूज’ आले. बटणाच्या दोन छिद्रांतून दोरा ओवून, तो ताणून-सोडून बटण गरगर फिरवण्याचा खेळ लहानपणी अनेकांनी खेळलेला असतो. त्याच तत्त्वावर कागदाची चकती मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत फिरते आणि रक्तातील पेशी व द्रव दीड मिनिटात वेगळे होतात. रक्त ही द्रवरूप ऊतीच आहे. तेव्हा ऊती तपासणीयोग्य करण्याचे हे कदाचित जगातील सर्वांत स्वस्त साधन म्हणावे लागेल.

तरी घट्ट ऊतीचा प्रश्न उरतोच. सूक्ष्मदर्शक स्वस्त झाला. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काचपट्टीचे चित्र टिपून दूरच्या तज्ज्ञाकडे काही क्षणांत धाडता येते. पाहणे सोपे झाले. पाहण्याजोगे करणे मात्र तेवढे सोपे झाले नाही. कागदी सूक्ष्मदर्शकाखालीही तोच पाच मायक्रॉनचा काप लागतो, आणि तो काढण्याची सोय नसलेली रुग्णालये उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान येथे पुष्कळ आहेत. तेथील बाटल्या मोटारीने, एस. टी.सारख्या सरकारी बसने, कधी नातेवाइकाच्या पिशवीतून दिल्लीकडे निघतात. त्यांतील काहींत तुकड्याच्या मानाने फॉर्मॅलिन फारच थोडे असते. ते तुकड्याच्या दहापट तरी असावे, असा नियम आहे. काही बाटल्यांचे तोंड अरुंद असते. ओला, लवचीक तुकडा दाबून आत सरकवता येतो. पण फॉर्मॅलिनमध्ये तो कडक होतो आणि मग बाहेर निघत नाही. प्रयोगशाळेत बाटली कापावी लागते. म्हणून रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची, फॉर्मॅलिन कोठवर भरावे हे दाखवणारी रेघ असलेली बाटली हे या सर्व साधनांतील पहिले साधन आहे. तिच्या रचनेवर कोणी शोधनिबंध लिहीत नाही.

आणि बाटलीवर क्रमांक असतो. प्रयोगशाळेत आल्यावर तो क्रमांक कागदाच्या बोटभर चिठ्ठीवर उतरवून तुकड्याबरोबर जाळीदार डबीत घालतात. ती चिठ्ठी फॉर्मॅलिनमधून, अल्कोहोलमधून, झायलीनमधून, वितळलेल्या मेणातून तुकड्याबरोबर प्रवास करते आणि शेवटी वडीच्या कडेला मेणात बसते. कुपी वापरली तर क्रमांक तिच्या कडेवर लिहितात, आणि काप घेतला की काचपट्टीच्या खरखरीत टोकावर तोच क्रमांक पुन्हा लिहितात. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि झायलीनमध्ये उरतच नाही. दोन स्त्रियांच्या दोन वड्या एकमेकींत मिसळल्या, तर कितीही उत्तम मायक्रोटोम त्या ओळखून देऊ शकत नाही. म्हणून क्रमांक लिहिण्यासाठी शाळेत मिळते तीच साधी शिसपेन्सिल वापरतात. तिची अक्षरे पुसली जात नाहीत. प्रयोगशाळेतील टेबलावर ती दोऱ्याने बांधून ठेवलेली असते, कारण ती नेहमी कोणीतरी उचलून नेते.